धवला कुठे थांबवायचा

मी माझ्या आजेसासऱ्यांना उडवलं. बोटाच्या दोन टिचक्यांत. ते माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी वारलेले, त्यामुळे पोलिसांचा प्रश्न आला नाही. पण सासूबाईंनी तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यापेक्षा पोलीस परवडले असते.

“माजा सासरा कुठं गेला?” त्यांनी विचारलं.

“व्हिडिओ जरा पुढे सरकला, आई.”

“व्हिडिओ सरकला ना? मग म्हाताऱ्याला कशाला नेला संगती?”

आम्ही पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या सोफ्यावर बसलो होतो. माझ्या हातात फोन, फोनमध्ये एक लग्न, त्या लग्नात सासूबाई गात होत्या. सोफ्यावरच्या सासूबाई मात्र कुजबुजत होत्या, कारण त्यांना आता तेवढंच जमतं. आणि लेकीचा मांडव आठवड्यावर आला होता.

आता हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईला वेड लागलं. मी पनवेल शहरात वाढले. माहेरची लग्नं भटजींनी लावली, मंगलाष्टका झाल्या, जेवणं झाली, संपलं. मग मी प्रेमात पडून आगरी घरात आले आणि कळलं की भटजी हा लग्नातला पाहुणा कलाकार असतो. खरं लग्न लावते ती धवलारीण. ही बाई मांडवात बसून धवले गाते, तासन् तास, तोंडपाठ. मांडवाच्या दिवशी ती आधी देवांना बोलावते आणि देव झाले की घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाला, वडील-आजोबा, कुळ, गाव लावून, नाव घेऊन. नाव घेतलं की तो माणूस लग्नाला येतो. घेतलं नाही तर तो रुसतो, येत नाही, आणि मग नवरीच्या डोक्यावर हात कोण ठेवणार? एकदा सुरू झालेलं बोलावणं मध्ये तोडायचं नाही आणि कुणाला गाळायचं तर मुळीच नाही.

माझ्या सासूबाई धवलारीण. गव्हाणपासून पार उरणपर्यंत त्यांना बोलावणी यायची. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, तरी त्यांचा आवाज लागला की माझ्याही अंगावर काटा यायचा, आणि ते मी स्टाफरूममध्ये कधी बोलले नाही. मग सासरे गेले. वर्षाच्या आत सासूबाईंच्या घशात गाठ निघाली. साधी होती म्हणे. ऑपरेशन झालं, बाई वाचल्या, आवाज नाही वाचला. चार शब्द बोलल्या की खोकल्याची उबळ येते, आणि जे चार शब्द येतात तेही जुनं दार कुरकुरावं तसे.

त्यातच माझ्या लेकीचं लग्न ठरलं. लेक म्हणाली, आजीच्या धवल्याशिवाय मी मांडवात बसणार नाही. मी म्हटलं, उरणकडे एक चांगली धवलारीण आहे, तिला सांगू. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि नाक मुरडलं.

“तिला आपली मानसं म्हाईत नाय. ओलख ना पालख, तिच्या बोलवन्यानं कोन येल?”

“मग करायचं काय?”

त्या एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, “अर्ध्या तालुक्याच्या पोरींच्या मांडवात मी त्यांची मानसं बोलावली. आन् माज्या नातीचाच मांडव मुका ठेवू?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझी जीभ सैल सुटते. मी बोलून बसले, “काळजी करू नका आई, तुमचाच आवाज लागेल मांडवात. जबाबदारी माझी.”

कारण मला तो व्हिडिओ आठवला होता. पुतण्याच्या लग्नात शूटिंगवाल्यानं मांडवाचा सगळा कार्यक्रम टिपला होता आणि हौसेनं व्हिडिओच्या अ‍ॅपवर चढवला होता. तो शूटिंगवाला पुढे दुकान बंद करून आखातात गेला, मूळ रेकॉर्डिंग कुठे गडप झालं ते त्याच्या आईलाही माहीत नाही. पण अ‍ॅपवरचा व्हिडिओ जागेवर होता. त्यात सासूबाई हिरव्या लुगड्यात, खणखणीत. फोन डीजेच्या स्पीकरला जोडायचा, बटण दाबायचं, झालं. विज्ञानाच्या बाईंना हा प्रयोग काय कठीण!

डोंबल. पहिल्याच दिवशी आजेसासरे गेले.

झालं असं, की मला व्हिडिओ थांबवायचा होता. स्क्रीनला बोट लावलं की बटणं उगवतात. पण उगवतात ती लाजऱ्या नवरीसारखी. आपण चष्मा सारखा करून नीट बघेपर्यंत आत पळतात. म्हणून मी पुन्हा बोट लावलं. घाईत दोनदा लागलं. अ‍ॅपच्या कायद्यात दोनदा बोट लावणं म्हणजे “मला दहा सेकंद पुढे ने”. आणि सासूबाईंच्या धवल्यात दहा सेकंद म्हणजे एक आख्खा माणूस.

मी लगबगीनं डाव्या बाजूला दोनदा बोट लावून मागे आले. आजेसासरे परत आले, पण त्यांच्याबरोबर त्यांचा आधीच बोलावून झालेला थोरला भाऊही पुन्हा आला.

“याला दोनदा बोलावला,” सासूबाई म्हणाल्या.

“मग काय झालं? येतील एकदाच.”

“तो व्हय? तो दोनदा जेवल.”

त्यांचं बोट स्क्रीनला कळतच नव्हतं, नाहीतर मी फोन त्यांच्याच हातात दिला असता. मीठ ओढून, भात लावून त्या बोटांची कातडी अशी झाली आहे की फोनला वाटतं कुणी पेन्सिल टेकवली. त्या चार-चारदा टेकवायच्या, फोन ढिम्म. मग मला म्हणायच्या, “तुजा मोबाईल पन सरकारी दिसतं.”

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, शास्त्रीय पद्धतीनं जायचं. घाई करायची नाही, दोनदा बोट लावायचं नाही. एकदाच लावायचं, पण ठामपणे. आमच्या पिढीची अशी पक्की समजूत आहे की यंत्र ऐकत नसेल तर जोरात दाबावं. मी अंगठा असा रोवला, की फोनच्या पाठीला कळ आली असेल. आणि काय सांगू, सासूबाई एकदम दुप्पट वेगानं गायला लागल्या. चिरक्या आवाजात, भराभर, खंडोबा, एकवीरा आई, गावदेवी, सगळ्यांना गाडी सुटत असल्यासारखं बोलावून टाकलं. मी घाबरून अंगठा उचलला तर पुन्हा गंभीर. पुन्हा दाबला तर पुन्हा चिरचिर.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “मला भूत लागला काय गो?”

संध्याकाळी नवरा आला. माझ्या नवऱ्याकडे जगातल्या सगळ्या बिघाडांवर एकच औषध आहे: बंद करून चालू कर. टीव्हीला तेच, इन्व्हर्टरला तेच, एकदा सोसायटीच्या लिफ्टला तेच, तेही सेक्रेटरी आत असताना. त्यानं फोन माझ्या हातून घेतला, बंद केला, चालू केला, आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडे दिला. व्हिडिओ सुरू झाला. देव बोलावून झाले, पूर्वज सुरू होणार, तेवढ्यात सासूबाईंचा आवाज तुटला आणि एक सूटवाला माणूस ओरडायला लागला की विमानतळापासून काही मिनिटांवर, स्वप्नातलं घर, दोन बेडरूम, पोडियम गार्डन.

जाहिरात उलव्याकडची होती. स्क्रीनवर पोहण्याचा तलाव दिसत होता. सासूबाई पुढे वाकून बघत राहिल्या.

“हितं आपली मिठागरं व्हती,” त्या म्हणाल्या.

“असतील. आता तलाव आहे.”

“पानी तवा बी व्हता,” म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. हसता हसता खोकला आला. जाहिरात संपली, तरी त्या खोकतच होत्या, आणि पूर्वजांतला पहिला माणूस त्या खोकल्यात वाहून गेला.

मग मी अ‍ॅपच्या मदत विभागात शिरले. तिथे मराठी होतं. म्हणजे अक्षरं मराठी होती. प्लेबॅक नियंत्रणं प्रतिसाद देत नसल्यास अ‍ॅप अद्ययावत करा, कॅशे साफ करा, डिव्हाइस पुन्हा सुरू करा. थोडक्यात, माझा नवरा जे फुकट सांगतो तेच. खाली अंगठ्याची दोन चित्रं आणि प्रश्न: ही माहिती उपयुक्त होती का?

“काय विचारतं?” सासूबाई म्हणाल्या.

“विचारतंय, काम झालं का?”

“त्याला बोल, येवून बग.”

मी सगळं केलं. अद्ययावत केलं, तेव्हा बटणांच्या जागा बदलल्या. कॅशे साफ केली, तेव्हा अ‍ॅप मला विसरलं आणि मला धवल्याऐवजी कार दुरुस्तीचे व्हिडिओ दाखवायला लागलं. बोट वरून खाली ओढलं गेलं तर आख्खं लग्न आक्रसून कोपऱ्यात एवढंसं झालं. त्याला वर आणायला गेले तर ते बाजूला सरकून नाहीसंच झालं. आणि एकदा सगळं नीट चाललं, शेवटपर्यंत चाललं, सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या, मी श्वास धरून बसले होते, तर व्हिडिओ संपल्या संपल्या अ‍ॅपनं स्वतःच्या अकलेनं पुढचा व्हिडिओ लावला. हळदीतला डीजे. सासूबाई दचकून सोफ्यावरून पडता पडता राहिल्या. त्या दिवशी मी फोन फेकणारच होते. नवऱ्यानं धरला, म्हणून वाचला. फोन.

शेवटी लेकीला धरलं. ही माझी लेक एका कंपनीत अ‍ॅपमधल्या चुका शोधण्याचा पगार घेते. पण घरच्यांसाठी तिला वेळ कुठला? एका हातावर मेंदीचा नमुना काढून वाळवत, दुसऱ्या हातानं तिनं फोन घेतला आणि माझी सगळी तक्रार ऐकून म्हणाली, “आई, हा बग नाहीये. हे फीचर आहे.”

“तुझ्या फीचरनं तुझा पणजोबा उडवला!”

“तू दोनदा टॅप केलंस.”

“घाईत लागलं.”

“मग तो युजर एरर.”

मी तिला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, तिचं नुकतंच लग्न झालंय. पण पोरीनं काम केलं. पैसे भरून जाहिराती घालवल्या. व्हिडिओ अ‍ॅपमध्येच उतरवून ठेवला, म्हणजे गव्हाणला, गावच्या मांडवात, रेंज नसली तरी चालेल. पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं बंद केलं. फोन विमान मोडवर टाकला, म्हणजे मध्येच कुणा आत्याचा फोन नको. आणि एक कुलूप दाखवलं. छोटं चित्र. ते दाबलं की स्क्रीनला कुणी कुठेही कितीही बोटं लावा, व्हिडिओ हलत नाही. मी दोनदा टिचकी मारली, अंगठा रोवला, खाली ओढलं, वर ढकललं. सासूबाई आपल्या चालीत गात राहिल्या. मला इतका आनंद झाला की मी लेकीचा गालगुच्चा घेतला आणि त्या गडबडीत तिची ओली मेंदी बिघडवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंना समोर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत धवला लावला. कुलूप घातलेला. देव आले. एकही गळला नाही, एकही दोनदा आला नाही. मग पूर्वज. आजेसासऱ्यांचा थोरला भाऊ आला, आजेसासरे आले, त्यांच्यामागून आजेसासूबाई आल्या. सासूबाई मांडीवर बोटानं ताल धरून बसल्या होत्या. ओठ हलत होते, आवाजाशिवाय.

तेवढ्यात स्क्रीनवर सासरे आले.

पांढरी बंडी, खांद्यावर टॉवेल. त्यांना कॅमेरा वगैरे काही ठाऊक नसे. ते दुखऱ्या गुडघ्यांवर डुलत थेट कॅमेऱ्यासमोर येऊन पाठ करून उभे राहिले आणि धवलारीण, मांडव, वऱ्हाड सगळं त्यांच्या पाठीमागे झाकून गेलं. कुणालातरी विचारत होते की भटजींना चहा दिला का. शूटिंगवाला “काका, काका” करत होता. सासूबाईंना हसू आलं. मीही हसले. “बग, कसे म्हशीवानी उभे,” त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांचं हसू थांबलं.

“गो,” त्या म्हणाल्या. “हे हितं जिते हायेत.”

माझ्या लक्षात आलं नाही.

“जिते हायेत, म्हनून मी बोलावलं नाय. सासू-सासऱ्याला बोलावून थांबले. आता यांना कोन बोलवील?”

मी फोनकडे बघितलं. सासरे अजून पाठमोरे उभे होते. आठवडाभर मी एकेक माणूस गळू नये म्हणून झटले होते, आणि ज्यानं नातीला खांद्यावर घेऊन आख्खं गव्हाण फिरवलं तो माणूस मुळातच बोलावण्यात नव्हता. व्हिडिओत कसलाही बिघाड नव्हता. तो अगदी बरोबर होता, त्या दिवसापुरता.

नवरा म्हणाला, “मी बोलावतो ना बाबांना. माइकवर नाव घेतो.”

“तू धवलारीण हाय काय?” सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

म्हणजे त्यांनीच बोलवायचं. त्यात दोन अडचणी होत्या. पहिली अशी, की सासूबाईंनी आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. धवल्यात दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं पोत्यानं घेतली असतील. दीर, सासरे, गावातले सगळे म्हातारे, सगळ्यांची. पण स्वतःच्या नवऱ्याचं नाही, उखाण्यातसुद्धा नाही. बँकेत विचारलं तरी त्या माझ्याकडे बोट करायच्या आणि मी सांगायचे. मी आपली शहरातली, आगाऊ, मी म्हटलं, “आई, एकदा घ्या नाव. मांडवापुरतं. कोण काय म्हणणार आहे?”

“नाव घेन गो,” त्या म्हणाल्या. मला धक्का बसला. “नाव घेन मी. पन...”

त्यांनी घशाला हात लावला.

“यो आवाज त्यांनी ऐकलाच नाय. ते गेले तवा माजा आवाज चांगला व्हता. वलखतील काय?”

मी उगीचच उठून चहा ठेवला. आधण उकळून आटलं तरी मी तिथेच उभी होते.

मग पुन्हा तालीम. आता कुलूप काढावं लागणार होतं, कारण कुलूप लावलं की व्हिडिओ थांबतही नाही. म्हणजे आठवडाभराच्या कष्टानं ज्या सगळ्या संकटांना बाहेर कोंडलं होतं, त्यांना पुन्हा घरात घेणं आलं. आणि थांबवायचं कुठे, तर आजेसासूबाईंचं नाव संपल्यावर आणि त्यानंतरच्या ओळी सुरू होण्याआधी. मधे जेमतेम एका श्वासाची जागा. पहिल्यांदा बोट लावलं की बटणं उगवतात, दुसऱ्यांदा नेमकं मधल्या बटणावर लावलं की थांबतो. एवढं होईपर्यंत सासूबाई पुढच्या ओळीत पोहोचलेल्या असायच्या. अर्धा शब्द हवेत लटकायचा. “असा तोडला तर नाय चालाचा,” त्या म्हणायच्या आणि मी पुन्हा मागे जायचे, आणि आजेसासूबाई पुन्हा यायच्या. त्या बिचाऱ्या त्या आठवड्यात इतक्यांदा आल्या की जिवंतपणी माहेरी तेवढ्यांदा गेल्या नसतील.

शेवटी मी ऐकणं सोडलं आणि बघायला लागले. तेव्हा दिसलं की प्रत्येक नाव संपलं की सासूबाई पदराचं टोक किंचित ओढतात आणि मग पुढचा श्वास घेतात. प्रत्येक वेळी. इतकी वर्षं त्यांच्याशेजारी मांडवात बसले, मला कधी दिसलं नव्हतं. नाव चालू असतानाच बटणं उगवून ठेवायची, आणि पदराकडे हात गेला रे गेला की थांबवायचं. जमलं. पुन्हा केलं, पुन्हा जमलं. सासूबाईंनी मान हलवली. पण तो आवाजाचा प्रश्न तसाच होता.

मांडव गव्हाणला, आमच्या जुन्या घरापुढे. सकाळपासून बायकांची गर्दी, हळदीची ताटं, मध्ये खुर्च्या मांडायचा आवाज. डीजेवाल्यानं संध्याकाळच्या हळदीसाठी माणसाच्या उंचीचे स्पीकर आणून रचले होते. फोनला वायर जोडून देताना त्यानं मला विचारलं, “ताई, बेस वाढवू?” मी त्याला म्हटलं, “पूर्वज यायचेत, घाबरवायचे नाहीत.” त्याला काही कळलं नाही. मी हात साबणानं दोनदा धुतले, कोरडे केले आणि ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे वर धरून चटईवर बसले. कुणी हळद लावायला आलं की मी खेकसत होते. नवरीच्या आईला हळद लावू देत नाही म्हणून दोघी-तिघी रुसल्या, त्या अजून रुसलेल्याच आहेत.

सासूबाई माझ्या शेजारी. हिरवं लुगडं तेच. समोर लेक पाटावर.

मी सुरू केलं. आणि त्या भल्या मोठ्या स्पीकरमधून तो जुना आवाज असा काही बाहेर आला की खुर्च्या मांडणारे थांबले. आतून बायका बाहेर आल्या. लेक रडायला लागली, मेकअपवाली तिच्या मागे धावली. देव आले. आजेसासरे आले, त्यांना मी यावेळी काही केलं नाही. आजेसासूबाईंचं नाव सुरू झालं. मी बोट टेकवलं, बटणं आली. स्क्रीनवर सासूबाईंचा हात पदराकडे गेला. मी दाबलं.

थांबला. बरोबर जागेवर. मांडवात एकदम शांत झालं.

डीजेवाल्यानं माइक सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. मी मनात म्हणत होते, घ्या हो आई, एकदाच नाव घ्या. नवरा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. सासूबाईंनी डोळे मिटले.

“अवो,” त्या म्हणाल्या.

ती कुजबुज स्पीकरमधून आख्ख्या मांडवावर पसरली. खुर्च्यांवरच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी सवयीनं मान वळवली.

“ऐकताव काय? मी हाय. नातीचा मांडव हाय. या.”

नाव घेतलंच नाही. रोज संध्याकाळी ओट्यावरून जेवायला हाक मारायच्या तशी हाक मारली. वडील, आजोबा, कुळ, गाव काही नाही. ज्या बाईनं एका गळलेल्या नावासाठी आठवडाभर माझा जीव खाल्ला, तिनं नियम गुंडाळून ठेवला आणि नवऱ्याला नुसतं “या” म्हटलं. नवरा खांबाकडे तोंड फिरवून रडायला लागला. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, पण हात धुतलेले, पुसणार कशानं? मी तसंच बोट पुढे केलं. चालू करायचं होतं. धवल्यात खंड पडता कामा नये, हे मला आता पाठ झालं होतं.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

“थांब. लगीच नको लावू.”

“का, आई? काय राहिलं?”

“त्यांना यायाला टाईम लागतं गो,” त्या म्हणाल्या. माइक अजून चालू होता. “गुडगं.”

भटजींनी घड्याळ बघितलं आणि हात खाली घेतला. फोनची स्क्रीन विझायला लागली की मी कडेला रिकाम्या जागी बोट टेकवत होते, एकदाच, हलकेच. वरून एक विमान गेलं, त्याचा आवाज दूर जाईपर्यंत आम्ही सगळे तसेच बसून होतो. सासूबाई मांडवाच्या तोंडाकडे बघत होत्या.

मग त्यांनी लुगडं सावरलं आणि चटईवर जराशा माझ्या बाजूला सरकल्या. त्यांच्या पलीकडे एका माणसापुरती जागा झाली.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता लाव.”